वजन दुसऱ्या मात्रेवर

११ ऑक्टोबर १९६७, बुधवार. दुबई

माझ्या भाच्याने, हारुनने, दुकानातून येताना एक चिठ्ठी आणली आणि समुद्रातून मोती काढून आणल्यासारखा माझ्यापुढे उभा राहिला. "फुफू, तुझ्यासाठी काम आणलंय." मी म्हटलं, मला काम नको आहे. चौतीस वर्षं केलं तेवढं पुरे.

चिठ्ठी मिसेस हॅलम नावाच्या इंग्रज बाईची. तिचा नवरा खाडीचा गाळ काढणाऱ्या कंपनीत इंजिनियर आहे. बाई लग्नाआधी लंडनमध्ये बॅलेत नाचायची. आता इथल्या पाच जणींना घेऊन स्वतःच एक बॅले बसवते आहे, "नव्या पद्धतीचा", आणि तोही बाखच्या संगीतावर. रोजे सुरू व्हायच्या आत, नोव्हेंबरच्या शेवटी, बायकांपुरता प्रयोग करायचा बेत आहे. तिला पियानो वाजवणारं कुणी हवं आहे. चटया घ्यायला ती हारुनच्या दुकानात गेली होती. या शहाण्याने तिला सांगितलं की माझ्या फुफूने पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये जन्मभर पियानो शिकवला आणि बॅलेच्या वर्गाला साथ केली. विचारलं होतं कुणी?

वर कळलं की त्या पाच जणींतली एक आमची अन्वरी आहे. हारुनची मुलगी, चौदा वर्षांची. मला वाटत होतं ती तिथे इंग्रजी कवायतीला जाते. विचारलं तर म्हणाली, "इट इज अ काइंड ऑफ एक्सरसाइज, फुफू." मराठीत प्रश्न विचारला की इंग्रजीत उत्तर देतात ही इथली पोरं.

बाखला मरून दोनशे सतरा वर्षं झाली. त्याला नव्या पद्धतीची काय गरज?

ताजबी, म्हणजे हारुनची आई, माझी भावजय, भाजी निवडता निवडता म्हणाली, "जा की. नाहीतरी दिवसभर टेबलावर बोटं आपटत बसतेस." सात महिने झाले मला या घरात येऊन, आणि या बाईने माझी बोटंसुद्धा मोजायची सोडली नाहीत.

एक गोष्ट इथे लिहून ठेवते, कारण हारुन लोकांना भलतंच सांगतो. मी निवृत्त झाले. मला कुणी निवृत्त केलं नाही. मदर सुपीरियर "आता विश्रांती घ्या, मिस खतीजा" म्हणाल्या तो शिष्टाचार होता.


१५ ऑक्टोबर, रविवार

गेले. केवळ बाखसाठी गेले.

अब्र्याने, म्हणजे इथल्या होडीने, खाडी ओलांडून पलीकडे देऱ्याला, तिथून पायी त्यांच्या क्लबच्या हॉलवर. हॉल म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि दोन पंखे. पियानो मायदेशी परत गेलेल्या कुणा बँक मॅनेजरने मागे टाकलेला. दोन पट्ट्या मुक्या, बाकीच्या बोलतात पण सर्दी झाल्यासारख्या.

मिसेस हॅलम तिशीची, काडीसारखी, केस पुरुषासारखे कापलेले. "मार्गारेट म्हणा" म्हणाली. मी म्हणणार नाही. नाचणाऱ्या पाच: दोन इंग्रज गृहिणी, हॉस्पिटलातल्या दोन नर्सा आणि अन्वरी. पाचही अनवाणी. मी आधी समजले बूट यायचे असतील. नाही, हे असंच आहे. बॅले, आणि अनवाणी! टाचा जमिनीला टेकलेल्या, कोपरं वाकडी, मध्येच सगळ्या जणी जमिनीवर पडतात आणि जाळ्यातल्या मासळीसारख्या उलटतात. चेहऱ्यावर हसू नाही. आमच्या पुण्याच्या मुली निदान हसायच्या.

तिने ज्या तुकड्यावर नाच बसवलाय तो बाखचा एक सराबांद आहे. संथ, तीन मात्रांचा. मला तो पाठ आहे, वयाच्या बाराव्या वर्षापासून. तरी तिने आधी मला तबकडी ऐकवली. वाजवणाऱ्याने हार्पसिकॉर्डवर, पियानोच्या त्या जुन्या भावंडावर, वाजवलाय, चमच्यांचा डबा जिन्यावरून गडगडल्यासारखा, आणि गाडी सुटत असल्याच्या घाईत. मी तिला सरळ सांगितलं की तुमचा ग्रामोफोन पळतोय. इथली वीज जनरेटरची, तिला कुठे शिस्त आहे? पुरावा दिला. पियानोवर तोच सूर दाबून दाखवला. तबकडीचा सूर जवळजवळ अर्धी पट्टी वर. तबकडी जलद फिरली की सूर चढतो आणि चाल पळते, हे शाळेतल्या पोरीलाही कळतं.

तिने तबकडी थांबवली. मला म्हणाली, तुम्ही वाजवा. मी वाजवला, जसा वाजवायचा तसा. त्या पाच जणींना एकेका पावलावर इतका वेळ उभं राहता येईना. एक नर्स तर डुगडुगली. मिसेस हॅलम माझ्या हातांकडे बघत होती. माझी पद्धत तिला नवीन असणार.


१९ ऑक्टोबर, गुरुवार

आज दिवसभर पुणं आठवत राहिलं.

सहा वर्षांची होते, आई गेली. वडील मुंबई बंदरावर डॉक्टर, त्यांना मुलीचं काय करावं कळेना, म्हणून मला बोर्डिंगात ठेवलं. दाभोळच्या खाडीवरचं आमचं गाव मी सुट्टीपुरतं बघितलं, तेही खिडकीतून. चिखलात जायची मला मनाई होती. पायमोजे खराब होतील म्हणून.

सकाळी चर्चमध्ये प्रार्थना चालायची तेव्हा आम्हा मुसलमान आणि पारशी मुलींना संगीताच्या खोलीत बसवत. तिथे सिस्टर वाल्बुर्गा असायच्या, स्विस, हाताला कायम कापराचा वास. त्यांनी मला हा सराबांद दिला. म्हणाल्या, तुला तिकडे गुडघे टेकायला नेत नाहीत ना, मग हे बोटांनी टेकलेले गुडघे समज. इतका हळू वाजव की देवाला उत्तर द्यायला जागा राहील. मी तो पन्नास वर्षं तसाच वाजवत आले. सिस्टर गेल्या तेव्हा शवपेटीजवळ वाजवला, तेव्हाही तसाच.

आणि ते डिसेंबरचे कार्यक्रम! लष्करी छावणीतली एक कर्नलची बायको बॅले शिकवायची. लढाईच्या दिवसांत जाळीचं कापड मिळेना, तेव्हा आम्ही हॉस्टेलच्या मच्छरदाण्या कापून सोळा मुलींचे झगे शिवले. त्या रात्री मच्छरांनी सगळ्या हॉस्टेलला फोडून काढलं, पण स्टेजवर काय दिसल्या पोरी. ढगच. गुलाबी बूट, मान हंसाची, आणि पडदा पडल्यावर कर्नलच्या बायकोने मला स्टेजवर ओढून नेलं. तिने माझा हात उंच धरला होता. मला वाटतं तेवढं एकदाच मला कुणी समोरून पाहिलं.

आता सगळं अनवाणी.


२६ ऑक्टोबर, गुरुवार

मी परत तिकडे पाऊल टाकणार नाही असं आज दुपारी ठरवलं होतं. तिसऱ्या प्रहरी बदललं, कारण माझ्यामागे ती बाई बाखचं काय करील याचा भरवसा नाही.

झालं असं. मी तिला सांगत होते की ही प्रार्थना आहे, हिच्यावर लोळायचं नसतं. तर ती अगदी शांतपणे म्हणाली, मिस खतीजा, सराबांद मुळात नाच होता. स्पेनमध्ये तो इतका उनाड समजला जायचा की राजाने त्यावर बंदी घातली. गाणाऱ्यालाही फटके. तो तिथे कुठून आला याबद्दल भांडणं आहेत, काहीजण म्हणतात तिथल्या मूर मुसलमानांकडून, म्हणजे तुमच्याच बाजूने. मी म्हटलं, माझी बाजू रत्नागिरी जिल्हा आहे.

घरी येऊन हारुनच्या जुन्या विश्वकोशात बघितलं. खरं आहे. बंदी होती.

सिस्टर वाल्बुर्गांना हे ठाऊक असेल का? ठाऊक नसेल तर त्यांनी मला अर्धवट शिकवलं. ठाऊक असेल तर त्याहून वाईट. एका बारा वर्षांच्या पोरीला नाच दिला आणि सांगितलं, हलू नकोस.


२ नोव्हेंबर, गुरुवार

आज माझी एक चूक उघडी पडली. ही वही माझी आहे, म्हणून लिहिते.

ट्रंकेत तळाशी सिस्टरांचा सूरकाटा होता. तो गुडघ्यावर आपटून कानाशी धरला की खरा सूर ऐकू येतो, हवा कशीही असो. तालमीला तो घेऊन गेले, मिसेस हॅलमचं तोंड कायमचं बंद करायला. काटा वाजवला, तबकडी लावली. दोन्ही एक. मग पियानो. पियानो अर्धी पट्टी खाली बसलेला. समुद्राच्या दमट हवेने तारा सैल पडल्या आहेत. म्हणजे तबकडी योग्य फिरते, वीज योग्य आहे, खोटा होता तो पियानो, आणि त्याच्या बाजूने तीन आठवडे भांडत होते ती मी.

मिसेस हॅलम हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं, मला काहीतरी बोलता आलं असतं. ती म्हणाली, चाल कोणती घ्यायची ते अजून ठरलेलं नाही. दोन्ही चाली खऱ्या असू शकतात.

जलद चालीत एकदा वाजवून बघा म्हणाली. मी बघितलं. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं इथल्या हवेत आखडतात. तारा सैल पडतात आणि बोटं आखडतात, अशी उलटी हवा. पुण्यातही गेली दोन वर्षं असंच होत होतं, पण पुण्यात थंडी असते.

ताजबी अलीकडे माझ्या ताटातली भाकरी मोडून वाढते. मी काही लहान मूल आहे? तिला बोलले. ती म्हणाली, "माज्या हाताला सवय लागलीय." कसली सवय?


९ नोव्हेंबर, गुरुवार

हारुनला बाजारात कुणीतरी म्हणालं, तुझी मुलगी इंग्रजांच्या क्लबात नाचते. त्याने घरी येऊन एकदम खलास, जाणं बंद, म्हणून टाकलं. अन्वरी जेवली नाही. मी मध्ये पडले. मी म्हटलं, बायकांचा कार्यक्रम, बायका बघणार, अंगभर कपडे, आणि तुझी फुफू सहा हातांवर पियानोशी बसलेली. त्या जागेत पाप शिरायला वाट कुठे आहे? शेवटी अट ठरली. सलवार-कुडता, हॉलमध्ये एकही पुरुष नाही, आणि प्रत्येक तालमीला ताजबी सोबत.

मी जिंकले असं वाटलं होतं. पण ताजबी सोबत!

आज ती आली. दाराशी चटईवर बसून सुपारी कातरत होती. मी मिसेस हॅलमला समजावत होते, कितव्यांदा कोण जाणे, की सराबांदमध्ये जोर पहिल्या मात्रेवर नसतो, दुसरीवर असतो. एक म्हणजे नुसता स्पर्श, दोन म्हणजे वजन, तीन म्हणजे थांबणं. तिला ते ठाऊक आहे, पण नाचणाऱ्यांच्या पायांना ठाऊक नाही. पाय पडतो तो वजन घेऊनच पडतो. अन्वरी वैतागून म्हणाली, "बट नोबडी वॉक्स लाइक दॅट."

ताजबीला इंग्रजी येत नाही. तिने मला विचारलं, काय म्हणतेय पोर? मी सांगितलं. ती उठली. अडकित्ता ठेवला, साडी पोटरीपर्यंत खोचली आणि म्हणाली, "आमी सगळ्या तशाच चालायचू."

आणि चालली. ओहोटीला खाडीच्या चिखलात तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचायला बायका उतरतात, तशी. आधी फक्त पायाची बोटं पुढे जातात आणि चिखलात चाचपतात, शिंपलं आहे की काच आहे की खड्डा. मग त्यावर वजन. मग थांबून वाकायचं आणि उचलायचं. एक, दोन, तीन. एक, दोन, तीन. साठीची बाई, गुडघे दुखतात म्हणून नमाज खुर्चीवर बसून पढते, ती त्या पत्र्याच्या हॉलभर चिखल पसरून चालत होती.

मिसेस हॅलम जमिनीवर बसून नुसती तिच्या पावलांकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, वाजवा, प्लीज. मी ताजबीच्या पायांवर वाजवला. एकदाही मागेपुढे झालं नाही.

हे पाऊल आमच्या गावचं आहे. मला ते माहीत नव्हतं. मी पायमोजे घालून खिडकीत होते.


१२ नोव्हेंबर, रविवार

मिसेस हॅलमने सगळा नाच मोडला आणि नव्याने बांधायला घेतला. लोळणं बरंचसं गेलं. आता पाचही जणी ओहोटीच्या चिखलात चालतात, वाकतात, उचलतात, कधी एकीच्या हातातलं दुसरी घेते. उचलतात काय ते दिसत नाही, पण मला दिसतं. आणि चाल माझी! अगदी माझी. ती म्हणाली, चिखलात कुणाला घाई करता येत नाही, मिस खतीजा, तुम्ही पहिल्यापासून बरोबर होतात. पन्नास वर्षांनी का होईना, कुणीतरी मान्य केलं.

पहिल्या भागातले डाव्या हाताचे काही सूर गाळले तरी चालेल असंही म्हणाली, नाचाला मोकळी जागा मिळते म्हणून. बाखचे सूर गाळायला मला आवडत नाही, पण तिच्या नाचासाठी मी एवढं करीन.

ताजबीचा रुबाब मात्र सोसवत नाही. काल अब्र्यात शेजारच्या बाईला सांगत होती, आमी बॅले शिकवतो.


१६ नोव्हेंबर, गुरुवार

अन्वरी गच्चीवर एकटी सराव करत होती. तोंडाने सराबांद गुणगुणत होती, पण त्या चमच्यांच्या डब्याच्या चालीत. पावलंही वेगळी. मी हटकलं की चाल विसरलीस का? "नथिंग, फुफू. जस्ट वॉर्मिंग अप." आणि लाल झाली. या पोरांना शिस्त नाही.


२३ नोव्हेंबर, गुरुवार

पोरीने आज सांगून टाकलं. मी खोदून विचारलं म्हणून, आणि तिला खोटं बोलता येत नाही म्हणून.

नाच दोन आहेत. एक माझ्यासोबतचा. दुसरा तबकडीसोबतचा, जलद, तो मी जाते त्यानंतर अर्धा तास थांबून बसवतात. मिसेस हॅलमने पाचही जणींना सांगितलंय की त्या दिवशी मिस खतीजांना बरं नसलं तर हा करायचा. अन्वरी रडत म्हणाली, "शी डज नॉट वॉन्ट टू हर्ट यू." आणि ताजबी त्या अर्ध्या तासात काय करते? दाराशी बसून सुपारी कातरते. तिला सगळं ठाऊक होतं. मी मात्र एकटीच पुढच्या अब्र्याने घरी यायचे, फणकाऱ्याने, मुलींना उशीर का लागतो म्हणून.

मला बरं नसलं तर! मला चौतीस वर्षांत एकदा टायफॉइड सोडला तर बरं नव्हतं असं झालेलं नाही.

मदर सुपीरियरनेसुद्धा असंच केलं होतं. माझ्या सुट्टीत नवीन मुलीला बोलावून शाळेचं प्रार्थनागीत बसवून घेतलं. मी परत आले तर पियानोचं स्टूल उंच केलेलं. कुणी काही बोललं नाही. विश्रांती घ्या म्हणाले.

रविवारी जाणार नाही. तबकडी लावा म्हणावं.


२६ नोव्हेंबर, रविवार

गेले नाही. चार वाजता मिसेस हॅलम स्वतः आली, अब्र्याने, घामाघूम. ताजबीने तिला चहा दिला आणि आम्हा दोघींना सोडून आत गेली. आत म्हणजे पडद्यामागे.

 तीच म्हणाली, "मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं."

मी म्हटलं, "काय सांगायला हवं होतं? मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "तुमचे हात."

एवढं बोलायला सगळ्यांना तीन वर्षं लागली होती. पुण्याच्या एकीच्याही तोंडून निघालं नाही. मला राग यायला हवा होता. आला नाही, याचाच राग आला.

मग तिने स्वतःचं सांगितलं. सव्विसाव्या वर्षी गुडघा गेला. बॅलेच्या कंपनीने काढलं नाही, नुसतं मागच्या रांगेत ठेवलं, मग झाड होऊन उभं राहायचं असतं अशा कामांत. सगळे फार गोड वागायचे. म्हणाली, ते गोड वागणं मी तुमच्याशी करायला नको होतं. तबकडी ठेवायची की नाही ते तुम्ही ठरवा. तुम्ही नको म्हणालात तर मी ती घेऊन येणार नाही.

मी म्हटलं, आणा. ग्रामोफोनशी तुम्ही स्वतः उभ्या राहा, मला दिसाल अशा. माझा हात थांबला तर मी तुमच्याकडे बघेन. मग सुई टेकवायची.

ती गेल्यावर ताजबी पडद्यामागून आली आणि कप उचलू लागली. काय ठरलं म्हणून विचारलं नाही. इंग्रजी येत नाही असं म्हणणाऱ्या बाईला सगळं कळलेलं असतं.


१ डिसेंबर, शुक्रवार

काल झाला. शांतपणे, क्रमाने लिहिते.

दुपारी चारला बायका जमल्या. दीडशे तरी असतील. इंग्रज बायका खुर्च्यांवर, आपल्याकडच्या आणि इथल्या अरब घरांतल्या चटयांवर. अरब बायकांनी दार लागल्यावर बुरखे काढले, आत काय एकेकीचे रंग. हारुन बाहेर रस्त्याच्या पलीकडे उभा राहिला होता, पहारेकऱ्यासारखा.

सराबांदचे दोन भाग. प्रत्येक भाग दोनदा वाजवायचा. पहिला भाग नीट गेला. त्याची आवृत्तीही गेली. दुसऱ्या भागात डावा हात जड झाला, पण ओढून नेला. पाचही जणी चिखलात उतरल्या होत्या. अन्वरी सगळ्यांत पुढे.

मग दुसऱ्या भागाची आवृत्ती. पहिल्याच मात्रेला बोटं खाली गेली नाहीत. दुखलंही नाही. मी पाठवत होते आणि ती जात नव्हती, एवढंच.

मी मिसेस हॅलमकडे पाहिलं. ती ग्रामोफोनशी उभी होती, तबकडी फिरत होती, सुई तिच्या बोटांत होती. पाच जणींनी ते पाहिलं असणार, कारण क्षणभर पाचही पावलं अधांतरी राहिली. आता तबकडी लागली की त्यांना दुसऱ्या नाचात उडी मारायची होती, त्या जलद नाचात, ज्यात चिखल नव्हता.

मी मान हलवली. नको.

आणि पाऊल टेकलं. आधी बोटं, मग वजन. संगीत नव्हतं, म्हणून ते ऐकू आलं. पाच टाचा, दुसऱ्या मात्रेवर, लाकडी जमिनीवर. थांबणं. परत बोटं. परत वजन. दीडशे बायकांच्या त्या हॉलमध्ये बांगडी वाजली नाही. सबंध आवृत्ती त्यांनी तशीच नाचली. मात्रा कोण मोजत होतं? मी मोजत नव्हते. साथ करणारीला नेहमी पायांवर नजर ठेवावी लागते, पाय चुकला की सावरून घ्यायचं असतं. काल मला काही सावरायचं नव्हतं. मी हात मांडीवर ठेवले आणि वर बघितलं. अन्वरीचा चेहरा माझ्या आईसारखा आहे. माझ्याकडे आईचा एकच फोटो आहे, पण आहे तसाच आहे.

शेवटी त्या सगळ्या वाकल्या आणि उठल्याच नाहीत, तेव्हा बायकांना कळलं की संपलं.

टाळ्या झाल्या. मला स्टेजवर कुणी ओढून नेलं नाही, मी आपण गेले. इंग्रज बायका येऊन विचारू लागल्या, शेवटची आवृत्ती मुक्याने करायची ही कुणाची कल्पना? मी ताठ मानेने सांगितलं, माझी. आम्ही ती पहिल्यापासून तशीच बसवली होती. मिसेस हॅलम शेजारी उभी होती. ती म्हणाली, हो, मिस खतीजांचीच.

इथे मात्र लिहिते की बोटं गेली नाहीत.

परत येताना अब्र्यात हारुन आणि अन्वरी पुढे बसले, मी आणि ताजबी मागे. पोर बापाला काहीतरी भराभर सांगत होती, चक्क मराठीत. ताजबीने पिशवीतून अडकित्ता काढला. मग म्हणाली, "खतीजाबाय, पुढच्या टायमाला पण वाजव हो. जमेल तितकं."

मी म्हटलं, "जमेल तितकं वाजवायची मला सवय नाही."

"मग लाव सवय," ती म्हणाली.